एकमतानं खणलेली विहीर

तेरकडून येताना एक बोडका डोंगर लागतो. त्याच्या माथ्यावर आता सांस्कृतिक केंद्र आहे. वर जायला डांबरी सडक, सडकेच्या तोंडाशी कमान आणि कमानीच्या आत काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत कोरलेला संस्थेचा इतिहास. इथला खुला रंगमंच प्राचीन ग्रीक नाट्यगृहांच्या धर्तीवर घडवला असून त्याच्या उतरत्या पायऱ्या संस्थापकांच्या कलादृष्टीची साक्ष देतात, असं त्यात म्हटलं आहे.

मी त्या संस्थापकांपैकी एक. ग्रीस कुठल्या दिशेला आहे हे आमच्यातल्या फार तर दोघांना सांगता आलं असतं. कलादृष्टीचं म्हणाल, तर संस्थेच्या झेंड्याचा रंग ठरवायला आम्ही पाच बैठका घेतल्या, एकमत झालं नाही, म्हणून झेंडा पांढराच ठेवला. खालच्या गावातले लोक विचारायचे, कुणाला शरण गेलात म्हणून.

आणि तो रंगमंच म्हणजे आमची विहीर आहे. निदान खणताना तरी आम्ही तिला विहीर म्हणत होतो. चार वर्षं खणली, पाण्याचा थेंब लागला नाही. ती कशी खणली आणि कुणासाठी खणली हे त्या दगडावर कुठंच नाही. खोटं का बोलू, तो दगड वाचला की माझं डोकं फिरतं. म्हणून हे लिहायला बसले.

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या सासूबाईंनी सडकेच्या कामावर खडी फोडली. माझे यजमान त्याच कामावर हजेरी मांडायचे. मी पुढच्या वर्षी लग्न होऊन आले, डीएड झालेली, आणि जगात काहीतरी बदल घडवायचा या विचारानं फुगलेली. त्या कामावर पुण्याहून एक सर आले होते. तत्त्वज्ञान शिकवायचे. बिनपगारी रजा काढून दुष्काळग्रस्तांत राहायला आले होते. दुपारी खायला सुकडी वाटली जायची तेव्हा बाभळीखाली उभं राहून ते बोलत. दुष्काळ पाण्याचा नाही, दुष्काळ सहकाराचा आहे, हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्या यजमानांना ते पाठ झालं होतं. घरी येऊन त्यांनी ते सासूबाईंना ऐकवलं.

"मंग सहकार घागरीत भरून आनायचा का?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना आत्याबाई म्हणायची. साठीच्या घरातली बाई, काटक, बोलायला फटकळ. आमचं घर बौद्ध. सासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, घरातले देव गेले, पण गावच्या विहिरीवरचा शिरस्ता काही दीक्षा घेऊन आला नव्हता. विहीर सार्वजनिक होती, म्हणजे सगळ्यांची होती. सगळ्यांत आम्हाला धरलेलं नव्हतं. आत्याबाई घागर घेऊन खालच्या अंगाला उभ्या राहायच्या, आणि कुणा बाईला दया आली की ती वरून पोहरा ओतायची. दया यायला कधी दोन मिनिटं लागत, कधी सकाळ जायची. आत्याबाई बारा गावचं पाणी प्यायलेल्या होत्या, पण एकाही गावचं पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं शेंदलेलं नव्हतं.

सरांनी डोंगरावर नवी वसाहत करायचं ठरवलं. एका मोठ्या बागायतदारानं डोंगराचा माथा आणि उतार दान दिला. दान देताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या जमिनीवर आम्ही पाहिलेलं ते पहिलं पाणी. अकरा घरं यायला तयार झाली. काही शेतकरी, काही मजूर, एक सुतार, सर आणि सरांच्या बाई. आमच्या घरात मी आणि यजमान तयार, आत्याबाई नाही. सर स्वतः समजूत घालायला आले.

"वर इहीर व्हनार हाय का?" आत्याबाईंनी विचारलं.

"होणार. सगळ्यांची एक."

"पहिली घागर म्या शेंदनार. माज्या हातानं. दोर माज्या हातात. कबूल असंल तर येते."

सरांचा गळा दाटून आला. बोलताना त्यांचा गळा वरचेवर दाटायचा, पण त्या दिवशीचं खरं होतं असं मला आजही वाटतं. डोंगरावरच्या पहिल्याच बैठकीत पहिला ठराव तोच झाला: वसाहतीच्या विहिरीचं पहिलं पाणी सर्वांत वयस्क भगिनी शेंदतील. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडं होतं. ठराव क्रमांक एक, एकमतानं मंजूर. ती वही माझ्यापाशी आहे.

आता आमचे नियम सांगते, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

घरं माथ्यावर गोलात बांधली, सगळ्यांची दारं आतल्या बाजूला. कुणाचं घर पहिलं नको, कुणाचं शेवटचं नको. आत्याबाईंना हे आवडलं. "इथं गावकूसच न्हाय, मंग भाईर कोन राहील?" असं त्या चार जणींना सांगायच्या. आडनाव विचारायचं नाही हा दुसरा नियम. तिसरा नियम पाळीचा. कुणी कायमचा झाडणारा नको, कुणी कायमचा सांगणारा नको, म्हणून दर सोमवारी कामं बदलायची. या आठवड्यात जो बैल सांभाळतो, तो पुढच्या आठवड्यात भाकरी थापतो. सरांच्या भाकरीच्या आठवड्यात आम्ही ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून पीत असू आणि त्याला साधेपणा म्हणत असू. बैलांचे हाल वेगळेच. आठवड्याला मालक बदलायचा, प्रत्येकाची हाळी निराळी. शेवटी शेवटी ते बैल कुणाचंही ऐकेनात. सर म्हणाले, बैलांना स्वातंत्र्याची जाणीव झाली.

माकणीकडचा एक शेतकरी आमच्यात होता. धरणात जमीन जाणार म्हणून आलेला, जाणता माणूस. आम्ही त्याला माकणीवाले म्हणायचो, कारण आडनाव विचारायचं नव्हतं. पेरणीच्या आठवड्यात त्याची पाळी संडासाची आली आणि पेरणी सरांनी केली. माकणीवाले बादली खाली ठेवून बांधावर उभे राहिले, बघितलं, आणि पुन्हा बादली उचलून गेले. त्या वर्षी आम्ही जे पेरलं ते मुंग्यांनी नेलं. मुंग्यांचा सहकार आमच्यापेक्षा जुना होता.

पण या सगळ्यांच्या वरताण दोन नियम होते. एक, कुठलाही निर्णय एकमतानं. बहुमत म्हणजे दडपशाही. आणि दुसरा, ज्याला ज्या विषयातलं कळतं, त्यानं त्या विषयावर सगळ्यांत शेवटी बोलायचं. जाणकार आधी बोलला की बाकीचे दबतात, असं सरांचं म्हणणं. ऐकायला इतकं छान वाटायचं. मी ते वहीत लाल शाईनं लिहिलं आहे.

तर विहिरीची जागा ठरवायची बैठक. डोंगराच्या पायथ्याशी, आमच्याच दानाच्या जमिनीत, गाडीवाटेला लागून एक उंबर होता. भर उन्हाळ्यात हिरवा. मराठवाड्यात जन्मलेल्या कुणालाही उंबर कशावर उभा राहतो हे शिकवावं लागत नाही. पण ज्यांना कळत होतं ते नियमाप्रमाणे गप्प होते आणि बोलत होते बाकीचे. उंबराजवळ विहीर म्हणजे पूर्वेच्या घरांना जवळ, पश्चिमेच्या घरांना लांब. हे समतेत बसत नव्हतं. सरांच्या बाईंनी सुचवलं की घरं गोलात आहेत तर विहीर मध्यभागी हवी. सगळ्यांना सारखं अंतर. वाहवा झाली. दुसऱ्या दिवशी सुताराकडून दोर आणला, प्रत्येक दारापासून मोजलं, मध्ये खुंटी ठोकली. खुंटी डोंगराच्या ऐन टेंगळावर आली, जिथं गवतसुद्धा उगवत नव्हतं. आधी कळस मग पाया म्हणतात, ते आम्ही विहिरीच्या बाबतीत केलं.

सगळे बोलून झाले, सगळ्यांचे हात वर झाले, तेव्हा माकणीवाल्यांची पाळी आली. ते उभे राहिले, गोलाकडं बघितलं. "आता काय बोलू," एवढंच म्हणाले आणि त्यांनीही हात वर केला.

उरल्या आत्याबाई.

"पानी खाली हाय," त्या म्हणाल्या. "उंबराच्या बुडाला. हितं खडक हाय."

सरांनी त्यांना अंतराचं समजावलं. समान हक्काचं समजावलं. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, पानी काय आपल्या मीटिंगला येतंय व्हय?"

एका हातापायी एकमत अडलं. अकरा बैठका झाल्या. दर संध्याकाळी गोल करून बसायचं, दर संध्याकाळी बाकी सगळ्यांचे हात वर आणि आत्याबाईंचा मांडीवर. कुणी त्यांना रागावलं नाही, ते आमच्या नियमांत नव्हतं. सगळे फार प्रेमानं बोलायचे. तुमच्यासाठीच तर ही विहीर, म्हणायचे. प्रेमानं बोलणाऱ्या तीस माणसांपुढं एकटं बसणं काय असतं हे त्या बाईनं अकरा दिवस भोगलं.

बाराव्या दिवशी सकाळी चुलीपाशी मी त्यांना म्हणाले, "आत्याबाई, खाली खणली तर ती वाटेवरची विहीर होईल. गाव पाण्याला येईल. गाव आलं की गावाचा शिरस्ता येईल. मग तुम्ही पुन्हा खालच्या अंगाला."

त्या भाकरी उलटायच्या थांबल्या. तव्यावर भाकरीला डाग पडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हंजी पानी हाय तितं आपला नंबर न्हाय," त्या म्हणाल्या, "अन् नंबर हाय तितं पानी न्हाय."

"वर पाणी लागणारच नाही असं थोडंच आहे?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला त्या नजरेचा अर्थ नीट माहीत होता आणि मी भाकरीकडं बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी हात वर केला. बैठकीत टाळ्या झाल्या. सरांच्या बाईंनी त्यांना मिठी मारली.

मी जे बोलले ते खोटं नव्हतं. पण मी ते का बोलले? मला अकरा दिवस तेच तेच इतिवृत्त लिहून कंटाळा आला होता. मला ठराव संपवायचा होता. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेवढंच आहे.

खणणं सुरू झालं. तेही पाळीनं. दर आठवड्याला खणणारे नवे, आणि प्रत्येक तुकडीनं सारखेच ब्रास माती काढायची, कमी नाही जास्त नाही. वरचा दोन हात मुरूम होता, तो सुखानं निघाला. मग काळा खडक लागला. पहारीनं ठिणग्या उडत. आता विचार करा. तुमच्या वाट्याला एकच आठवडा आहे, ठरलेले ब्रास भरायचे आहेत, खाली खडक आहे आणि बाजूला मऊ मुरूम. तुम्ही काय कराल? पहिल्या तुकडीनं जरा बाजूला खणलं. दुसरीनं त्याच्या बाजूला. खडकाचं पुढच्या पाळीवाले बघतील, असं प्रत्येक पाळी म्हणाली. असं करत करत विहीर रुंद होत गेली. खडकाचे मोठे टप्पे तसेच राहायचे, त्यांच्याभोवती मुरूम निघायचा, म्हणून आपोआप पायऱ्या पडल्या. ही ती कलादृष्टी.

मी इतिवृत्तात दर आठवड्याला लिहायची: विहिरीचं काम प्रगतिपथावर. खोटं नव्हतं. चार वर्षांनी तिच्यात लग्नाचा मांडव बसला असता. कुणाही एकट्यानं आळस केला नव्हता, सगळ्यांनी सारखं खणलं होतं. आमच्या इतक्या न्यायानं खणलेली विहीर साऱ्या जिल्ह्यात दुसरी नसेल.

प्यायला पाणी मात्र पहिल्या दिवसापासून हवं होतं. तो प्रश्न माकणीवाल्यांनी सोडवला. त्यांची सुट्टीची पाळी होती त्या आठवड्यात, कुणाला न विचारता, ते उंबराच्या बुडाशी गेले आणि गुडघाभर खड्डा केला. दुपारपर्यंत त्यात पाणी झिरपून झिरा झाला. यावर तातडीची बैठक झाली, कारण ठरावाविना पाणी काढलं होतं. शेवटी त्याला तात्पुरता झिरा म्हणून मान्यता दिली. त्या तात्पुरत्या झिऱ्याचं पाणी आम्ही डोंगरावर होतो तोवर प्यालो.

आणि मी चुलीपाशी म्हणाले होते तसंच झालं. झिरा वाटेवरचा, गावच्या बायाही यायला लागल्या. आत्याबाई एकदा वाटी घेऊन भरायला बसल्या, तर कुणी काही बोललं नाही. नुसत्या आपापल्या घागरी उचलून लांब ठेवल्या. एवढंच. आत्याबाई उठल्या आणि त्या दिवसापासून उन्हाचं जायला लागल्या, जेव्हा तिथं कुणी नसे. मी हे बैठकीत मांडलं. त्यावर सगळे हळहळले. मग असं ठरलं की हा खालच्या गावाचा प्रश्न आहे, आपल्या वसाहतीत असा भेद नाही, सबब चर्चेची गरज नाही. एकमतानं. माझाही हात वर होता.

आत्याबाई मात्र दर सोमवारी विहिरीच्या काठावर जाऊन यायच्या. "कवर आलंय?" म्हणून विचारायच्या. सुताराकडून त्यांनी दोर वळून घेतला होता, घरात खुंटीला टांगून ठेवला होता. त्याला तेल लावायच्या.

पाच वर्षांनी सरांची रजा संपली. निघताना त्यांनी विचार मागं ठेवून जातो असं सांगितलं. आम्ही बघितलं, मागं बैलगाडीभर पुस्तकं होती, ती वाळवीच्या पाळीला आली. मग एकेक घर उठलं. कुणी ऊसतोडीला गेलं, कुणी उस्मानाबादला. मला खालच्या गावातल्या शाळेत नोकरी लागली. गोलात तीन घरं राहिली: आम्ही, माकणीवाले नवराबायको आणि सुतार. गोल असल्यामुळं तीन घरं फारच विचित्र दिसायची.

तोवर सगळीकडं सहकाराचं पीक आलं होतं. दुधाची सोसायटी, कर्जाची सोसायटी, दर चार माणसांमागं एक चेअरमन. त्यातले एक चेअरमन जीपमधून डोंगरावर आले. धोतर कडक, बोलणं गोड. त्यांच्याबरोबर एक इंजिनियर होता. सुतारानं त्यांच्याकडं विहिरीचं गाऱ्हाणं मांडलं: सुरुंगाची सोय झाली तर अजून खोल जाता येईल. इंजिनियरनं कागद चाळले. सरकारदरबारी आमच्या डोंगरावर विहीर होतीच, पूर्ण झालेली. सरांनी एका अहवालात तसं लिहून दिलं होतं, उत्साहाच्या भरात. असलेली विहीर पुन्हा मिळत नसते.

इंजिनियर खड्ड्यात उतरला आणि त्यानं टाळी वाजवली. टाळी घुमली. वर काठावर बसलेल्या आत्याबाईंना त्यानं ओरडून विचारलं, "आजी, ऐकू आलं का?"

"आलं की. पान्याबिगर समदं येतंय हितं."

तो खूश झाला. त्यानं चेअरमनना सांगितलं की आवाजाच्या दृष्टीनं ही जागा अप्रतिम आहे. चेअरमन दोन मिनिटं खड्ड्याकडं बघत राहिले. विहिरीसाठी योजना नव्हती, पण ग्रामीण संस्कृतीसाठी त्याच महिन्यात एक योजना निघाली होती. असं आमचं सांस्कृतिक केंद्र जन्माला आलं.

आमची संमती लागणार होती, तीही नियमाप्रमाणे एकमतानं. तीन घरांची बैठक. सगळे तयार, आत्याबाईंचा हात मांडीवर.

"इहीर बुजवनार का?" त्यांनी चेअरमनना विचारलं.

"छे हो आजी. उलट तिला दगडी पायऱ्या बांधणार."

"मंग बांधा. इहिरीला पायऱ्या असाव्यात." त्यांनी हात वर केला. या वेळी मला बोलावंही लागलं नाही.

उद्घाटन झालं तेव्हाही कोरडं साल होतं. झिरा आटला होता, गावात घागरींच्या रांगा होत्या. पाहुण्यांसाठी टँकर आला, चेअरमनांच्या सोसायटीचा. कार्यक्रम दुपारी चारला ठेवला, कारण डोंगरावर वीज अजून आलेली नव्हती. पुण्याहून सर आले, केस पांढरे झालेले. आले तसे आत्याबाईंच्या पाया पडले. त्यांच्याबरोबर पुण्याची नाटकमंडळी होती. नाटक दुष्काळावर होतं. पाणवठ्यावर उभ्या ठेवलेल्या एका बाईची गोष्ट होती. सरांनीच लिहिलं होतं. तिला पाणी मिळत नाही, आणि शेवटी ती सगळ्यांदेखत स्वतः दोर टाकून घागर शेंदते. नटी गोड होती, साडी ठिगळांची होती पण ठिगळं नवी होती. तिनं हवेतला दोर दोन्ही हातांनी स्वतःकडं तिरका ओढला. लोकांनी डोळे पुसले. आमच्या पाणी न लागलेल्या विहिरीच्या तळाशी ती नसलेल्या विहिरीतून नसलेलं पाणी काढत होती, आणि गावातल्या ज्या बायांनी घागरी लांब ठेवल्या होत्या त्यासुद्धा रडत होत्या.

आत्याबाई पहिल्या पायरीवर माझ्या शेजारी होत्या. "असं वडलं तर पोहरा काठाला आपटंल," त्या मला म्हणाल्या. "सरळ वडावं लागतंय." पन्नास वर्षं खालच्या अंगाला उभं राहून त्यांनी दुसऱ्यांना शेंदताना बघितलं होतं. त्यांना सगळं येत होतं.

मग सत्कार. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी वसाहतीतील ज्येष्ठ भगिनी म्हणून आत्याबाईंना खाली मंचावर बोलावलं. शाल झाली, नारळ झाला. सर बोलायला उठले. ही विहीर पाण्यासाठी खणली होती, ते म्हणाले, पण आज तिला त्याहून खोल झरा लागला आहे, संस्कृतीचा. टाळ्या घुमल्या. मग त्यांनी आत्याबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं.

"घसा वाळलाय," आत्याबाई म्हणाल्या. "आदी पानी द्या."

कार्यक्रमाच्या अध्यक्षांच्या टेबलावर पितळेचा तांब्या आणि पेले होते. गुरुजी लगबगीनं गेले. टेबल वरच्या टप्प्यावर, आत्याबाई खालच्या. गुरुजींनी तांब्या उचलला आणि टप्प्याच्या कडेला आले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना फक्त घाई होती. ते वाकले, आणि आत्याबाईही वाकल्या. त्यांनी पदर सावरला आणि ओंजळ तोंडाशी धरली. पन्नास वर्षांची सवय. वरून धार लागली.

सहाशे माणसं बघत होती आणि कुणाला काही दिसलं नाही. मला दिसलं. मला ओरडायचं होतं, पण मी बसून राहिले. मला त्या क्षणी सरांचा, गुरुजींचा, त्या नटीचा आणि सगळ्यात जास्त माझा राग आला.

आत्याबाईंनी एक घोट घेतला असेल. मग त्या थबकल्या. त्यांनी ओंजळ सोडली. धार त्यांच्या नव्या शालीवर पडली. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि हात वर केला. ठरावाला करायच्या तसा नाही, मागणारा.

"तांब्या हिकडं द्या गुरुजी. माजं म्या घेते."

गुरुजींनी तांब्या दिला. त्या पायरी चढून टेबलापाशी गेल्या, पेला घेतला, त्यात ओतलं, सावकाश प्यायल्या. मग अध्यक्षांच्या पेल्यात ओतलं, चेअरमनांच्या पेल्यात ओतलं, सरांच्या पेल्यात ओतलं. सर्वांनी घेतलं, न घेऊन सांगतात कुणाला. तळाला थोडं राहिलं ते त्यांनी खाली विहिरीच्या खडकावर उपडं केलं.

"आता इहिरीला पानी हाय म्हना," त्या म्हणाल्या. हेच त्यांचे दोन शब्द. लोकांना वाटलं आजी गमतीशीर आहेत. खूप टाळ्या झाल्या. वर्तमानपत्रात छोटी बातमी आली, त्यात आत्याबाईंना विनोदी स्वभावाच्या म्हटलं होतं.

आम्ही उतरणीला लागलो तेव्हा अजून ऊन होतं. पायथ्याशी टँकरभोवती गावच्या बाया घागरी घेऊन जमल्या होत्या. मला आत्याबाईंचं काहीतरी सांत्वन करायचं होतं, किंवा माझं स्वतःचं. मी म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या हातानं विहिरीत उभं राहून सगळ्यांना पाणी दिलंत. ठराव क्रमांक एक पार पडला म्हणायचा. आज वहीत लिहून टाकते."

त्या थांबल्या. शालीचं ओलं टोक पिळलं.

"शेंदनं येगळं, वतनं येगळं," त्या म्हणाल्या. "म्या शेंदलं न्हाय. खोटं लिवू नगंस."

मग टँकरकडं गेल्या नाहीत. आटलेल्या झिऱ्यापाशी उंबराखाली जरा टेकल्या, आणि मला म्हणाल्या, "त्या दिशी चुलीपाशी तू का म्हनलीस ते मला कळलं व्हतं, मीटिंगला तू कटाळली व्हतीस. म्या बी कटाळले व्हते. म्हनून हात वर केला."

त्या गेल्या त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दोर अजून माझ्याकडं आहे, कोरा, एकदाही ओला न झालेला. पावसाळ्याआधी मी त्याला तेल लावते. वहीत ठराव क्रमांक एकच्या पुढं अंमलबजावणीचा रकाना आहे, तो मी त्यांनी सांगितलं तसा मोकळा ठेवला आहे.